जीपचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण देवळासाठी राखून ठेवला आहे. वाड्याची डागडुजी होते, घराची दुरुस्ती होते, विहिरीचा गाळ उपसला जातो. जीर्णोद्धार मात्र देवळाचा. या शब्दात दोन निर्णय दडलेले आहेत. जीर्ण काय झाले, हा पहिला. आणि उद्धार कशाचा करायचा, हा दुसरा. आमच्या आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सर्वांना ठाऊक आहे. हे देऊळ मुळात लाकडी होते आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे दगडी बांधकाम झाले, असे गावात परंपरेने सांगतात. लाकडाचे खांब गेले, दगड-चुना आला. पण देऊळ बदलले असे कोणी म्हणत नाही. कारण काय टिकवायचे याबद्दल गावाच्या मनात शंका नव्हती. मूर्ती आणि जागा टिकली की देऊळ टिकले.

हाच प्रश्न यंत्राला विचारला तर काय उत्तर येते, याचा शोध मी गेली काही वर्षे घेतो आहे. अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे नाही. जुनी मॅन्युअले, रद्दीतून मिळालेली पुस्तके आणि दापोली-खेडच्या गॅरेजांतले मिस्त्री ही माझी विद्यापीठे. हा लेख एका गाडीबद्दल आहे: अमेरिकेत जन्मलेली, मुंबईत वाढलेली आणि कोकणाच्या लाल रस्त्यांवर अर्धी-अधिक बदलून गेलेली जीप.

अमेरिकेतली रीत

जुन्या गाडीत नवी यंत्रणा बसवण्याच्या कलेला अमेरिकेत 'रेस्टोमॉड' म्हणतात. पुनःस्थापना आणि बदल या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून हे नाव झाले आहे. शेवरोले कंपनीची 'कॉर्व्हेट' ही तिथली लाडकी स्पोर्ट्स कार. १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट गावी पहिल्या ३०० गाड्या तयार झाल्या. अंग फायबरग्लासचे, रंग पांढरा, दिसायला देखणी. आत मात्र १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे साधे इंजिन, दोनच गिअर असलेली स्वयंचलित पेटी आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. दिसण्यात जेवढा वेग होता तेवढा धावण्यात नव्हता. आठ सिलिंडरचे इंजिन तिला १९५५ साली मिळाले आणि डिस्क ब्रेक १९६५ साली.

आज पन्नास-साठच्या दशकातली अशी गाडी हाती आली तर मालकासमोर दोन वाटा असतात. पहिली वाट संग्राहकाची. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशीच करायची. तोच रंग, तेच स्क्रू. इंजिनावर कोरलेला क्रमांक त्या गाडीच्या मूळ इंजिनाचाच असला पाहिजे. तो जुळला तर किंमत चढते, नाही जुळला तर गाडी दुय्यम ठरते. दुसरी वाट रेस्टोमॉडची. अंग तेच ठेवायचे. खाली नवी चासी, नवे स्टिअरिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि १९९७ च्या कॉर्व्हेटपासून सुरू झालेल्या ॲल्युमिनियमच्या व्ही-८ इंजिनांच्या घराण्यातले एखादे इंजिन. इंधन मोजून देण्याचे काम कार्ब्युरेटरऐवजी संगणक करतो. पहिला माणूस गाडी जपतो, दुसरा ती चालवतो. दोघेही एकमेकांना नावे ठेवतात.

महाराष्ट्रात कॉर्व्हेट शोधायला गेलो तर एखाद्या धनिकाच्या गॅरेजपाशी थांबावे लागेल. पण जुन्या अमेरिकन अंगात नवे काळीज बसवण्याचे काम आपल्याकडे तालुक्याच्या गावी, हौसेने नव्हे तर गरजेने, दशकानुदशके चालू आहे. ते जीपवर झाले.

मूळ तरी कोठे एकाचे?

१९४० साली अमेरिकन सैन्याला चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या 'बँटम' या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दिला. सैन्याने तो आराखडा विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवला. विलीज कंपनीचे इंजिन सर्वांत दमदार ठरले: २.२ लिटर, चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. कंत्राट त्यांना मिळाले. बँटमच्या गाडीचे मोठे उत्पादन मात्र झाले नाही. पुढे मागणी एवढी वाढली की विलीजच्याच नमुन्यावर फोर्डनेही गाड्या काढल्या. जाळीच्या जागी एकाच पत्र्यातून ठोकून काढलेला, उभ्या फटींचा दर्शनी भाग ही फोर्डची देणगी. महायुद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप झाल्या.

म्हणजे ज्या गाडीला आपण 'अस्सल' म्हणतो तिची मूळ कल्पना एकाची, इंजिन दुसऱ्याचे आणि चेहरा तिसऱ्याचा होता. अस्सलपणाचा वाद घालताना हे लक्षात ठेवावे.

युद्धानंतर विलीजने हीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली. १९५३ साली त्यांनी 'सीजे-३बी' हा नमुना आणला. त्यात इंजिनाचा खालचा ठोकळा जवळजवळ जुनाच ठेवून वरचे डोके बदलले. आत हवा घेणाऱ्या झडपा बाजूला होत्या, त्या वर गेल्या. ताकद सत्तर अश्वशक्तीपलीकडे गेली, पण इंजिनाची उंची वाढली. बॉनेट बंद होईना, म्हणून कंपनीने बॉनेटच उंच केले. आपल्या आठवणीतल्या जीपला जे उंच कपाळ आहे, ते असे आले. जुन्या गाडीत नवे इंजिन बसवण्याचे पहिले काम खुद्द निर्मात्याने केले.

भारतात जीप आणली महिंद्रांनी. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेल्या या कंपनीतले भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. सुटे भाग आणून मुंबईत जोडणी, आणि मग हळूहळू सगळी गाडीच इथे, असा प्रवास झाला. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली बंद पडली. आपल्याकडे मात्र त्याच वळणाच्या गाड्या पुढे अनेक वर्षे निघत राहिल्या. तहसीलदार, पोलीस, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि निवडणुकीचे उमेदवार यांची ती गाडी झाली.

१९७३ साली जगभर तेलाचे भाव भडकले. पेट्रोल पिणारी जीप परवडेनाशी झाली. डिझेल स्वस्त होते आणि सरकारी नियंत्रणामुळे पुढे २०१४ पर्यंत ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त राहिले. कंपनीने स्वतः डिझेल जीप काढल्या. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन आले. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती, त्यांनी गाव-शहरातल्या गॅरेजची वाट धरली.

बॉनेटखाली काय घडते

इंजिन काढले आणि दुसरे ठेवले, एवढे हे काम सोपे नाही. यंत्राचा एक भाग बदलला की शेजारचा कुरकुरू लागतो, आणि त्याच्या शेजारचाही.

पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. युद्धकाळातल्या विलीज इंजिनात हवा साडेसहा पटींनी दाबली जाई, जुन्या डिझेलमध्ये वीस पटींहून अधिक. एवढा दाब झेलायचा तर इंजिनाचा ठोकळा जाड आणि जड हवा. तो पुढे ठेवला की पुढचे पाटे दबतात. इंजिनाचे हादरे वाढतात, म्हणून त्याखालचे रबरी माउंटिंग बदलावे लागते, नाहीतर चासीचे जोड ढिले होतात. ते सुरू करायला स्टार्टर जोरकस लागतो. युद्धकाळातली सहा व्होल्टची बॅटरी तिथे पुरत नाही, म्हणून बारा व्होल्टची आणि तिच्याबरोबर सगळी वायरिंग नवी.

मग येते खरे कसब. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा एका रेषेत आले पाहिजेत. दोन्ही वेगवेगळ्या घराण्यांचे असतील तर मध्ये लेथवर कातलेली जाड पोलादी चकती घालतात. तिची भोके केसभर जरी चुकली तरी क्लच लवकर झिजतो आणि गिअर पडताना कडकडतो. चांगला मिस्त्री ओळखायचा तो या चकतीवरून.

इथे ताकद आणि जोर यांतला फरक समजून घ्यायला हवा. नाचणी दळताना जात्याच्या खुंट्याला जो रेटा द्यावा लागतो, तो पिळाचा जोर. यंत्राच्या भाषेत टॉर्क. तो रेटा देत जाते किती भरभर फिरते, यावर ठरते ती ताकद, म्हणजे अश्वशक्ती. तेवढ्याच अश्वशक्तीत एक इंजिन भरभर फिरून काम करते, दुसरे सावकाश पण रेटून. डिझेल दुसऱ्या जातीचे. म्हणून चढावर मालाने भरलेली डिझेल जीप खालच्या वेगातही दम सोडत नाही.

आता चाकांकडे या. सीजे-३बीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ चे प्रमाण आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला आतला दांडा ५.३८ वेळा फिरतो. सुमारे २८.५ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या जरा वर येतो. ताशी ८० किलोमीटरने जायचे तर शेवटच्या गिअरमध्ये इंजिनाला मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे घ्यावे लागतात. सावकाश रेटणाऱ्या डिझेलला हे धावणे मानवत नाही. आवाज, धूर आणि झीज वाढते. म्हणून कुशल कारागीर पाच गिअरची पेटी बसवतात. पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८ धरले तर त्याच वेगाला फेरे अडीच हजारांवर येतात.

आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे, ब्रेक. मूळ जीपला ड्रम ब्रेक होते आणि ते सगळे पायाच्या जोरावर लागत. जोर वाढलेली गाडी घाटातून उतरताना ड्रम तापतात आणि तापले की पकड सुटते. डिस्क ब्रेक उघड्या वाऱ्यावर असतात, लवकर थंड होतात. पण त्यांना पायाबरोबर दुसरी मदत लागते. ती मदत पेट्रोल गाडीत इंजिनाच्या श्वासातून, त्याने निर्माण केलेल्या ओढीतून मिळते. डिझेल इंजिन मोकळेपणी श्वास घेते, तिथे तशी ओढ तयार होत नाही. म्हणून व्हॅक्यूम पंप वेगळा बसवावा लागतो. तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीशी असतो. ज्या गाडीत इंजिन नवे आणि ब्रेक जुने, ती अर्धवट जीर्णोद्धाराची गाडी. आजवर पाहिलेल्या बदललेल्या जीपांपैकी मला भीती वाटली ती अशाच गाड्यांची.

खाऱ्या वाऱ्यातली जीप

अमेरिकेत अंग राहते आणि यंत्रणा बदलते. आमच्या किनाऱ्यावर अंगही राहत नाही. जोग नदीच्या खाडीवर पूल होण्याआधी हर्णै बाजूने आंजर्ल्यात यायचे तर तरीतून यावे लागे. गाडीला मात्र दापोलीहून जमिनीच्या वाटेने वळसा घालून यावे लागे. त्या वाटेला जीप आणि एसटी एवढीच वाहने टिकत. खारा वारा प्रथम तळाचा पत्रा खातो, मग दारांच्या कडा, मग चासीच्या पोकळ पट्ट्यांत आतून शिरतो. बाहेरून रंग शाबूत आणि आत पापुद्रे.

गावातल्याच एका सीजे-३बीची मी नोंद केली. मालकाने बॉनेट उघडून दिले आणि मी तासभर वहीत लिहीत बसलो. मूळचे उरले होते ते एवढे: क्रमांक कोरलेली चासी, तीही दोन ठिकाणी पट्टी मारून वेल्डिंग केलेली, बॉनेट, पुढचा फटींचा पत्रा, काचेची चौकट आणि मागच्या अ‍ॅक्सलचे हाउसिंग. बदललेले: इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, स्टिअरिंग बॉक्स, पुढचे ब्रेक, वायरिंग, तळाचा सगळा पत्रा आणि दोन्ही बाजू. मोजून पाहिले तर जुने भाग वजनाने निम्म्याहून कमी भरतील. तरी गावात कोणालाही विचारा, ही त्यांच्या आजोबांचीच जीप.

होड्यांच्या बाबतीत आमच्या लोकांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. स्वातंत्र्यानंतर शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली. त्यासाठी मागच्या लाकडाला भोक पाडून पंख्याचा दांडा बाहेर काढावा लागला, आत इंजिनाची बैठक करावी लागली. दरवर्षी एखादी फळी बदलत राहिली. तरी होडीचे नाव तेच, पूजा तीच. एसटीने तर हेच काम उलटे केले. पुण्याजवळच्या दापोडीच्या कार्यशाळेत जुन्या बसची चासी आणि इंजिन ठेवून वर नवी बॉडी चढवली जाते. तिथे उद्धार काळजाचा होतो आणि जीर्ण ठरते ते अंग.

गाडी म्हणजे नेमके काय?

याची आज तीन अधिकृत उत्तरे आहेत आणि तिन्ही वेगवेगळी आहेत.

पहिले अमेरिकेतले. २०१८ साली महिंद्रांनी तिथे 'रॉक्सर' नावाची गाडी विकायला काढली. ती शेतावर आणि रानात चालवण्यासाठी, रस्त्यासाठी नाही. अंग जुन्या जीपच्या वळणाचे, आत २.५ लिटरचे डिझेल. अश्वशक्ती ६२, म्हणजे १९४१ च्या विलीजच्या जवळपास तेवढीच. टॉर्क मात्र सव्वापटीहून अधिक. त्या वेळी 'जीप' या नावाची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. तक्रार इंजिनाची नव्हती, रूपाची होती: खोक्यासारखे अंग, सपाट बॉनेट, उभ्या फटी आणि गोल दिवे, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या, अशी सहा लक्षणे. २०२० साली आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने निर्णय दिला आणि महिंद्रांना रूप बदलावे लागले. म्हणजे तिथल्या व्यापारी कायद्याच्या दृष्टीने जीप म्हणजे तिचा चेहरा. महिंद्रांनी तिचा परवाना घेऊन पाऊणशे वर्षे ती घडवली, हा इतिहास त्यापुढे टिकला नाही.

दुसरे उत्तर आपल्या मोटार वाहन कायद्याचे. १९८८ च्या या कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा विजेसारख्या दुसऱ्या इंधनासाठी ठरलेल्या अटींवर मुभा आहे. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम पुन्हा ठामपणे सांगितला. इथे गाडी म्हणजे निर्मात्याचा कागद.

तिसरे उत्तर व्हिंटेज गाड्यांच्या नियमांचे. हे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हीए' या अक्षरांच्या खास क्रमांकाने दहा वर्षांसाठी नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. चासी, अंग वा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. शिवाय ती रोजच्या वापरासाठी चालवायची नाही. इथे गाडी म्हणजे संग्राहकाची वस्तू.

आता आंजर्ल्याची ती जीप या तिन्हींसमोर उभी करा. चेहरा जुना, म्हणून ती जीप. इंजिन वेगळे, म्हणून कागद अडचणीत. फेरबदल मोठा आणि वापर रोजचा, म्हणून ती व्हिंटेज नाही. पन्नास-साठ वर्षे चालू असलेली, तीन पिढ्यांनी दुरुस्त केलेली ही वस्तू नियमांच्या दोन फळ्यांमधल्या फटीत पडते. पुनर्नोंदणीची वेळ आली की मालकापुढे दोनच मार्ग उरतात: गप्प राहून चालवायची किंवा भंगारात द्यायची. गप्प राहण्याची किंमत मोठी आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी नोंद नसलेल्या बदलाकडे बोट दाखवते, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाचाही प्रश्न असतो. भंगाराची किंमतही कमी नाही. त्या जीपबरोबर चकती कातणाऱ्या, माउंटिंग घडवणाऱ्या हातांचे काम किलोच्या भावाने जाते, आणि त्याची नोंद कुठल्याच ग्रंथालयात नाही.

शिलालेखाची गरज

कायदा सैल करा, असे माझे म्हणणे नाही. ब्रेक न बदलता इंजिन बदललेल्या जीपा मी पाहिल्या आहेत. त्यांना रस्त्यावर जागा नसावी. पण 'जसे होते तसे' आणि 'बेकायदा' यांच्या मध्ये तिसरा रकाना हवा: बदल केलेली, तपासलेली, नोंदवलेली जुनी गाडी. तपासणी कशाची व्हावी हेही वरच्या विवेचनातून निघते. चासीची आतली गंज, इंजिनाच्या जोरापुढे ब्रेक पुरे पडतात की नाही, स्टिअरिंगची ढिलाई आणि धूर. रंग आणि स्क्रू संग्राहकांना लखलाभ.

या बाबतीत आपली जुनी रीत उपयोगी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत जीर्णोद्धाराचा शिलालेख असतो. कोणत्या शकात, कोणी, काय बांधले, हे तो सांगतो. बदल लपवावा असे त्या लोकांना वाटले नाही. उलट त्याचा अभिमान वाटला. जीर्णोद्धार आणि बनावट यांतला फरक तिथेच आहे. बनावट वस्तू आपण मूळचीच असल्याचे भासवते. जीर्णोद्धार झालेली वस्तू आपली दुरुस्ती नोंदवून ठेवते.

म्हणून ज्यांच्या अंगणात अशी जीप आहे त्यांना एक सुचवतो. सरकारचा रकाना येईल तेव्हा येईल. तोवर बॉनेटच्या आतल्या बाजूला पितळेची एक पट्टी बसवा. मूळ इंजिन कोणते होते, नवे कोणते, कोणत्या साली, कोणत्या मिस्त्रीच्या हातून बसले, ब्रेक केव्हा बदलले, एवढेच तिच्यावर कोरा. लोखंडाची पट्टी नको. आमच्याकडचा वारा ती दहा वर्षांत खाऊन टाकील.